अंगठा उठवण्यापूर्वी

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी अंगठा उठवणे ही साधी गोष्ट नव्हती. शाई लावलेला अंगठा एकदा कागदावर टेकला की तो माणूस बांधला जात असे. निरक्षर कुळसुद्धा अंगठा देण्यापूर्वी मजकूर दोनदा वाचून घेण्याचा आग्रह धरी आणि पेढीवरचा प्रामाणिक मुनीम तो सावकाश वाचून दाखवी. आज आपण सारे साक्षर आहोत. हातात महागडे मोबाइल आहेत आणि दिवसातून पन्नास वेळा आपण न वाचताच अंगठे उठवतो.

हे मी दुसऱ्यांवर टीका म्हणून लिहीत नाही. त्या पन्नासांतला एक अंगठा माझा होता, आणि त्याने एका कष्टाळू भगिनीचा हंगाम बुडवण्यास हातभार लावला. त्याची कबुली देऊनच हा लेख पुढे नेणे योग्य होईल.

एका संदेशाची गोष्ट

फेब्रुवारी २०२४ मधील ही घटना. आयकर कायद्यातील कलम ४३ब चे नवे ‘ह’ उपकलम त्या वर्षी प्रथमच लागू होत होते, हे व्यापारी वाचकांना आठवत असेल. सूक्ष्म व लघुउद्योगांचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे. मुदत उलटली, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी धरला जाईल, असा त्याचा आशय. बाजारात उधारीचे चक्र तीन-तीन महिन्यांचे असल्यामुळे सगळीकडे धास्ती पसरली होती.

आमच्या कापड व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटात एका सकाळी एक संदेश आला. ‘कोणाकडूनही घेतलेल्या मालाचे पैसे ३१ मार्चपर्यंत दिले नाहीत, तर सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाईल. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाकडून माल घेऊच नका, घेतला असेल तर परत करा,’ असा त्याचा सूर होता. तासाभरात त्याखाली ऐंशीच्या वर अंगठे जमले. मी दुकान उघडत होतो. ऐंशी माणसे मान्य म्हणत आहेत एवढे पाहिले, अंगठा दाबला आणि मोबाइल खिशात टाकला.

दुपारी आमच्यातलेच एक ज्येष्ठ निवृत्त करसल्लागार, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो, त्यांनी तीन परिच्छेदांचे उत्तर लिहिले. हे कलम केवळ सूक्ष्म व लघु उत्पादक आणि सेवा देणारे यांच्यापुरते आहे. मध्यम उद्योग त्यात येत नाहीत. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी असली, तरी ती बँकेच्या प्राधान्यक्षेत्र कर्जापुरती आहे. रक्कम कायमची बुडत नाही, पैसे देताच त्या वर्षी ती वजा मिळते. म्हणून माल परत करू नका, पैसे वेळेवर द्या. इतके नेमके उत्तर. त्याखाली दिवसभरात एकही खूण उमटली नाही. संध्याकाळी कोणीतरी एक हसरा चेहरा चिकटवला, बहुधा उत्तराच्या लांबीला हसून.

आठ दिवसांनी कळले, की लहान मुलांचे कपडे शिवून देणाऱ्या एका भगिनीचा माल दोन दुकानदारांनी परत पाठवला आणि तिसऱ्याने पुढची मागणी रद्द केली. तिचा दोष एवढाच, की तिने प्रामाणिकपणे उद्यम नोंदणी केलेली होती. घरात सहा शिलाई मशिन, हाताखाली पाच बायका आणि लग्नसराईसाठी घेतलेले कापड. ज्या कायद्याने तिचे पैसे लवकर मिळावेत, त्याच कायद्याच्या चुकीच्या अर्थाने तिचा माल दारात येऊन पडला. दुकानदारांना विचारले तेव्हा उत्तर आले : ‘गटात एवढ्या लोकांनी मान्य केले होते ना!’ त्या ‘एवढ्या लोकां’त मी होतो.

तेव्हापासून हा प्रश्न मनात घर करून आहे. चार माणसे विचारविनिमयासाठी जमतात, तेथे ‘आवडले’ आणि ‘नावडले’ अशा आयत्या खुणा असाव्यात काय?

ही खूण आली कोठून?

अंगठ्याच्या या खुणेचे वय फार नाही. फेसबुकने ‘लाइक’चे बटण ९ फेब्रुवारी २००९ रोजी सुरू केले. त्यामागील हेतू निरुपद्रवी होता. एखाद्या छायाचित्राखाली ‘छान’, ‘अभिनंदन’ असे शंभर जणांनी शंभर वेळा लिहिण्याऐवजी एका स्पर्शात आनंद कळवावा, म्हणजे खरोखर काही सांगायचे असलेल्यांचे शब्द त्या गर्दीत हरवणार नाहीत.

यूट्यूबवर त्याआधी पाच चांदण्यांची पद्धत होती. कंपनीच्या ध्यानात आले, की चांदण्या देणारे बहुतेक लोक पाचच देतात. मधल्या दोन, तीन, चार यांना कोणी हात लावत नाही. म्हणून २०१० मध्ये चांदण्या काढून वर-खाली अंगठे आले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तारतम्याने मोजण्याचे साधन हाती असतानाही माणूस टोकाचेच माप वापरतो, आणि मग मापच दोन टोकांचे होऊन बसते.

फेसबुकने ‘नावडले’चे बटण देण्याचे टाळले. दुःखद बातमीखाली ‘आवडले’ कसे म्हणायचे, ही अडचण मात्र खरी होती. म्हणून २०१६ मध्ये प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग असे चेहरे आले. पुढे उघडकीस आले, की २०१७ पासून कोणता मजकूर अधिक लोकांपुढे ठेवावा हे ठरवताना या चेहऱ्यांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले जात होते. रागालाही तेवढेच! राग आणणारा मजकूर त्यामुळे अधिक पसरू लागला. अखेर २०२० मध्ये रागाच्या चेहऱ्याचे वजन शून्यावर आणावे लागले. तराजू कोणाच्या हाती आहे आणि पारड्यात तो गुपचूप काय टाकतो, हे गिऱ्हाइकाला दिसत नसेल, तर त्या मापाला आपण बाजारात काय म्हणतो, ते व्यापारी वाचकांना सांगणे नको.

व्हॉट्सअॅपवर अशा खुणा मे २०२२ मध्ये आल्या. आरंभी सहाच होत्या : अंगठा, हृदय, हसू, आश्चर्य, अश्रू आणि जोडलेले हात. खाली वळलेला अंगठा त्यांत नव्हता. म्हणजे आपल्या सामाजिक गटांना जे साधन पहिल्यांदा मिळाले, त्यात होकाराला आकार होता आणि नकाराला नव्हता. नकार देणाऱ्याला लिहावे लागे, किंवा गप्प बसावे लागे. बहुतेक गप्प बसले.

पहिल्या अंगठ्याचे बळ

ऐंशी अंगठे म्हणजे ऐंशी मते, असे आपण धरून चालतो. ते खरे आहे काय, हे अभ्यासकांनी प्रयोग करून तपासले आहे.

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अप्रसिद्ध वाद्यवृंदांची ४८ गाणी त्यांनी १४ हजारांहून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींना फक्त गाणी दिसत. इतरांना आठ वेगवेगळ्या दालनांत विभागले होते, आणि आपल्या दालनात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले, तो आकडाही त्यांना दिसे. गाणी तीच, श्रोते सारख्याच प्रकारचे, तरी प्रत्येक दालनात निराळी गाणी डोक्यावर घेतली गेली. उत्तम गाणे सहसा तळाला गेले नाही आणि अगदी सुमार गाणे सहसा शिखरावर चढले नाही. मधल्या साऱ्यांचे नशीब मात्र आरंभीच्या काही जणांनी काय उचलले, यावर ठरले.

दुसरा प्रयोग आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या एका ठिकाणी त्यांनी पाच महिन्यांत एक लाखाहून अधिक अभिप्राय निवडले. त्यांतील काहींना, गुणवत्ता न पाहता, केवळ चिठ्ठी टाकल्यासारखा एक वरचा अंगठा दिला, काहींना एक खालचा दिला आणि उरलेले तसेच ठेवले. ज्यांना तो एक फुकटचा वरचा अंगठा मिळाला होता, त्यांना पुढच्या वाचकाकडूनही वरचाच अंगठा मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि अखेरची त्यांची गुणसंख्या सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरली. खालच्या अंगठ्याचा परिणाम मात्र पुढच्या वाचकांनी बव्हंशी भरून काढला. हा कल राजकारण, समाज-संस्कृती आणि व्यापार या विषयांत विशेष दिसला.

व्यापारात विशेष, हे शब्द वाचून मी थबकलो. आमच्या गटातील त्या संदेशाचे हेच झाले असावे. पहिले पाच अंगठे कदाचित संदेश पाठवणाऱ्याच्या मित्रांचे होते. पुढच्या पंचाहत्तरांनी संदेश वाचला नाही, अंगठे वाचले. आपल्याकडे ‘गाडीबरोबर नळ्याला यात्रा’ म्हणतात. येथे गाडी कोठे निघाली आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि पंचाहत्तर नळे मात्र मागे लागले होते.

आपल्या बाजारालाही या गोष्टीची जुनी ओळख आहे. पूर्वी रुमालाखाली हात धरून, बोटांच्या खुणेने भाव ठरत. त्यात आडपडदा होता आणि माल आणणाऱ्या शेतकऱ्याच्या फसवणुकीला वाव होता, म्हणून बाजार समित्यांत उघड लिलाव आला. तो योग्यच. पण लिलावात बोली बोलणारा स्वतःच्या खिशाने उत्तर देतो. चुकला तर नुकसान त्याचे. अंगठ्याची बोली फुकटची आहे. चुकीच्या बोलीचे पैसे तिसराच कोणी भरतो. त्या वेळी ते आमच्या भगिनीने भरले.

मग नावडतीची खूण हवी काय?

येथे कोणी म्हणेल, की दोष होकारात नाही, नकाराला जागा नसण्यात आहे. त्या संदेशाखाली खालचा अंगठाही वरच्याइतकाच हाताशी असता, तर काकांनी आणि आणखी चार जाणत्यांनी तो दिला असता आणि इतर सावध झाले असते. या युक्तिवादात तथ्य आहे, ते नाकारू नये.

यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘नावडले’चा आकडा लोकांपासून झाकला. बटण राहिले, आकडा फक्त चित्रफीत टाकणाऱ्याला दिसू लागला. लहान व नव्या लोकांवर टोळ्या करून नकारांचा मारा केला जातो, हे कारण कंपनीने दिले. त्यावर पुष्कळ टीका झाली. यूट्यूबचे सहसंस्थापक जावेद करीम यांनीच जाहीर नापसंती दाखवली. निकृष्ट गोष्ट चटकन ओळखण्याचे साधन लोकांच्या हाती राहिलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. नळ दुरुस्तीची चित्रफीत पाहून कोणी घरचा नळ उघडायला बसणार असेल, तर आधीच्या हजार जणांची फसगत झाली होती हे त्याला कळायला नको काय?

पण ही झाली वस्तूची आणि कौशल्याची पारख. चर्चेत नकाराची खूण माणसावर काय परिणाम करते, याचा वेगळा अभ्यास झाला आहे. स्टॅनफर्डमधील संशोधकांनी २०१४ मध्ये चार मोठ्या संकेतस्थळांवरील वाचकचर्चा तपासल्या. ज्याच्या लिखाणाला नकार मिळाले तो सुधारतो, असे आढळले नाही. तो अधिक लिहितो, अधिक वाईट लिहितो, आणि इतरांनाही अधिक नकार देऊ लागतो. होकार मिळालेला लेखकही त्यामुळे विशेष चांगला लिहू लागतो, असे दिसले नाही. आणि तेथून निघून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त कोणाची? ज्याला होकारही मिळाला नाही आणि नकारही नाही, त्याची.

हे वाचताना मला काकांचे तीन परिच्छेद आठवले. त्यांना कोणी विरोध केला असता, तर ते बोलले असते. कोणी काहीच केले नाही. त्यानंतर कित्येक महिने त्यांनी गटात एक अक्षर लिहिले नाही, आणि ते लिहीत नाहीत हे आम्हा तीनशे जणांपैकी कोणाच्या लक्षातही आले नाही.

नकाराची किंमत

संगणकतज्ज्ञांचे ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ नावाचे एक प्रश्नोत्तरांचे ठिकाण २००८ पासून चालू आहे. तेथील रीत मला आपल्या पेढीच्या शिस्तीसारखी वाटली. चांगल्या उत्तराला पसंती मिळाली, की उत्तर देणाऱ्याच्या खात्यावर दहा गुण जमा होतात. वाईट उत्तराला नापसंती दिली, तर त्याचे दोन गुण वजा होतात, पण नापसंती देणाऱ्याच्या खात्यातूनही एक गुण जातो. शिवाय नापसंती देण्याचा अधिकार लगेच मिळत नाही. आधी आपल्या मदतीने १२५ गुणांची पत कमवावी लागते.

म्हणजे नकार देता येतो, पण तो फुकट नाही, आणि देणाऱ्याने आधी काही दिलेले असावे लागते. ज्याने चोपडीत कधी काही जमा केले नाही, त्याने इतरांच्या नावे खर्च टाकू नये, हा न्याय कोणत्याही व्यापाऱ्याला पटेल.

होकारही फुकट नसतो, हे कॅनडातील एका न्यायालयाने दाखवून दिले. सस्कॅचेवान प्रांतात मार्च २०२१ मध्ये एका धान्यखरेदी कंपनीच्या माणसाने जवसाच्या सौद्याचा कागद छायाचित्र काढून एका शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवला आणि सौदा कायम असल्याचे कळवण्यास सांगितले. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठ्याची खूण पाठवली. नोव्हेंबरमध्ये माल द्यायचा होता. तोवर भाव चढले आणि माल आला नाही. ‘संदेश मिळाला एवढेच मला सांगायचे होते,’ असे शेतकऱ्याचे म्हणणे होते. पण यापूर्वीचे सौदे त्याने असेच एक-दोन शब्दांच्या मोघम उत्तरांनी पक्के केले होते आणि माल वेळेवर दिला होता. न्यायालयाने जून २०२३ मध्ये निकाल दिला, की त्या परिस्थितीत तो अंगठा म्हणजे सहीच होय. भरपाई ठरली ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून अधिक. वरिष्ठ न्यायालयानेही डिसेंबर २०२४ मध्ये तोच निकाल कायम ठेवला.

मोबाइलवर सौदे करणाऱ्या आपल्या मुलांना हा किस्सा अवश्य सांगावा. आजोबांचा शाईचा अंगठा आणि नातवाचा पिवळा अंगठा यांत आपल्याला वाटते तितके अंतर नाही.

तीन प्रकारची शलाका

सभेत मत कसे घ्यावे, हा विचार आपल्या भूमीत फार जुना आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्षुसंघाने मतभेद झाल्यास काय करावे, याचे वर्णन आहे. मत देण्यासाठी लाकडी कांड्या, म्हणजे शलाका, वापरीत. त्या गोळा करणारा माणूस संघ निवडी, आणि त्याच्या ठायी पाच गोष्टी असाव्या लागत. पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांना त्याने वश होऊ नये, आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे त्याला नीट कळावे. मत घेण्याचे प्रकारही तीन : गुप्त, कानात सांगून आणि उघड. प्रसंग पाहून त्यांतला प्रकार निवडावा, अशी व्यवस्था.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेने जे तारतम्य दाखवले, ते आमच्या हातातील यंत्रात नाही. तेथे प्रत्येक गोष्टीला एकच प्रकार आहे, उघड. वाढदिवस असो, निधन असो, कायद्याचा प्रश्न असो वा ट्रस्टच्या हिशेबावरील शंका असो. आणि कोणी कोणता अंगठा दिला, हे नावासकट सर्वांना दिसते. ज्याचे भाडेकरू आहोत, ज्याच्या घरी मुलगी द्यायची आहे, ज्याची उधारी अंगावर आहे, त्याच्या प्रस्तावाखाली आपले नाव नसले तर ते दिसते. मग उठतो तो अंगठा मताचा नसतो, नात्याचा असतो.

अनुमोदनाचा भार

आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडलेला एक विचार येथे आठवल्यावाचून राहत नाही. कोणतीही क्रिया तीन प्रकारे घडते : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केलेलीला मनाने संमती दिलेली. कृत, कारित आणि अनुमत. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन, मन-वचन-काया हे तीन, कृत-कारित-अनुमत हे तीन आणि चार कषाय यांच्या गुणाकाराने एकशे आठ प्रकार सांगितले आहेत, आणि जपमाळेच्या १०८ मण्यांशी त्यांचा संबंध जोडला जातो. म्हणजे माळेतले छत्तीस मणी केवळ अनुमोदनाचे आहेत! दुसऱ्याच्या कृतीला दिलेली संमती ही हिशेबातली एक स्वतंत्र रक्कम आहे, असे ज्यांच्या घरात शिकवले जाते, त्यांनी तरी ‘मी काय केले, नुसता अंगठा तर दिला’ असे म्हणू नये.

दुसरी गोष्ट अनेकांताची. एखाद्या विधानाकडे सात अंगांनी पाहावे, प्रत्येक वेळी ‘अमुक अपेक्षेने’ हे भान ठेवावे, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या संदेशाबद्दल खरे मत हे होते : लघु उत्पादकाच्या अपेक्षेने योग्य, व्यापाऱ्याच्या अपेक्षेने अयोग्य, पैसे वेळेवर देणाऱ्याच्या बाबतीत लागूच नाही, आणि माल परत करण्याचा सल्ला सर्वथा चुकीचा. एवढे सगळे कोणत्या बटणात मावणार? काकांना तीन परिच्छेद लागले, ते विषयच तेवढा होता म्हणून.

घरातल्या मुलांकडे पाहताना

ही सवय घरात आणखी कोवळ्या वयापर्यंत उतरली आहे. छायाचित्र टाकून दर पाच मिनिटांनी आकडा पाहणारी आणि तो कमी भरला म्हणून छायाचित्र काढून टाकणारी मुले आपण पाहतो. इन्स्टाग्रामने २०१९ पासून काही देशांत हा आकडा झाकून पाहिला आणि २०२१ मध्ये ज्याला हवे त्याने तो झाकावा, अशी सोय दिली. ती सोय मोबाइलमध्ये आहे, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. मुलांना रागावण्याआधी एकदा त्यांच्याबरोबर बसून तो आकडा झाकून पाहावा. पण आधी स्वतःचा झाकावा. आपल्या व्याख्यानाच्या छायाचित्राला किती अंगठे आले, हे जेवताना मोजणाऱ्या वडिलांचा उपदेश मुले ऐकत नाहीत.

काय असावे, काय नसावे

तर मूळ प्रश्नाचे उत्तर काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे सर्वच ठिकाणी एक नियम लावण्यात चूक आहे. चार गोष्टी वेगळ्या केल्या, तर वाट दिसते.

वस्तू आणि सेवा यांच्याबाबत पसंती आणि नापसंती दोन्ही असाव्यात, आणि दोन्हींचे आकडे सर्वांना दिसावेत. मात्र मत देणारा खरोखरचा गिऱ्हाईक असावा. आपल्या मालाला आलेली नापसंती झाकणारा व्यापारी आणि डाग लपवून कापड दाखवणारा व्यापारी, यांत फरक नाही.

कायदा, आरोग्य, औषध यांसारख्या माहितीच्या गोष्टींत बहुमताला काही अर्थ नसतो. तेथे अंगठे मोजू नयेत. जाणकाराचे नाव आणि त्याने दिलेला आधार पाहावा. ज्याला चूक वाटते, त्याने निदान एक वाक्य लिहून ती दाखवावी.

समाजाच्या निर्णयांत, मग ते सभागृहाचे भाडे असो, शिष्यवृत्तीचे नियम असोत वा विश्वस्तांची निवड, आधी चर्चा व्हावी आणि चर्चेच्या वेळी कोणतीही खूण नसावी. सर्वांचे बोलून झाल्यावर गुप्त मत घ्यावे. एक साधी चिठ्ठी पुरते.

आणि सुखदुःखाच्या प्रसंगी खुणा खुशाल असाव्यात, पण सुखाच्या. अभिनंदनाला शंभर फुले आली तर बिघडत नाही. कोणाचे वडील गेल्याच्या बातमीखाली मात्र अंगठा नको. तेथे दोन शब्द लिहावेत, त्याहून चांगले म्हणजे दूरध्वनी करावा, आणि त्याहूनही चांगले म्हणजे जाऊन बसावे.

आमच्या गटाने यांतल्या दोन गोष्टी मान्य केल्या. कायद्याविषयीचा संदेश पाठवताना तो कोणी तपासला, त्याचे नाव लिहायचे. आणि ज्याला मान्य आहे त्याने ‘वाचले’ असे लिहायचे, अंगठा द्यायचा नाही. पहिल्या महिन्यात संदेश निम्म्याने कमी झाले. त्यात काही हरवले, असे कोणाला वाटले नाही.

मी काकांकडे गेलो, ते मात्र फार उशिरा. त्यांचे ते तीन परिच्छेद मी छापून नेले होते. म्हटले, ‘काका, त्या दिवशी मी हे वाचले नाही. चुकलो.’ त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला, शाईच्या पेनाने एका ओळीत दुरुस्ती केली आणि म्हणाले, ‘मीही जरा लांबवले होते रे. पण त्या मुलीला कोणी विचारले का, की तिचा माल गेला का?’

कोणी विचारले नव्हते. त्याच संध्याकाळी आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. लग्नसराई संपली होती, अर्धा माल घडी करून कपाटात होता. तो काही दुकानांत थोडा-थोडा लावून देण्याचे ठरले, आणि पैसे पंधरा दिवसांत द्यायचे हे मी एका कोऱ्या कागदावर लिहिले. तिने तो कागद पूर्ण वाचला, एक शब्द बदलायला सांगितला आणि मग सही केली. खाली मीही केली.

तिच्याकडून मी पुन्हा शिकलो, ते एवढेच. आधी वाचायचे, मग सही करायची.